पात्रता-स्पर्धेतील संघाचे बळ : ब्राझीलच्या अठरा सामन्यांवरून एक विवेचन

एखाद्या राष्ट्राचा फुटबॉल संघ जागतिक चषकाच्या पात्रता-स्पर्धेत खेळत असतो, तेव्हा प्रत्येक सामन्यानंतर त्याच्या 'फॉर्म'विषयी निर्णय दिला जातो. संघ जिंकला की त्याला सूर सापडला असे म्हणतात. हरला की तो हरवला असे म्हणतात. या निर्णयांवर प्रशिक्षकांची नेमणूक आणि हकालपट्टी होते, खेळाडू संघात येतात व संघाबाहेर जातात, आणि पुढे अंतिम स्पर्धेत काय घडेल याची भाकितेही केली जातात. परंतु हा 'फॉर्म' म्हणजे नेमके काय, तो किती सामन्यांवरून ओळखता येतो आणि त्याच्या मोजणीत चूक किती संभवते, याचा विचार क्वचितच होतो. सांख्यिकीच्या दृष्टीने हा प्रश्न अंदाजशास्त्राचा आहे. जे बळ प्रत्यक्ष दिसत नाही, त्याचे अनुमान थोड्या व सदोष निरीक्षणांवरून कसे करावे, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी २००२ च्या जागतिक चषकाकरिता दक्षिण अमेरिकेत झालेली पात्रता-स्पर्धा आणि तीतील ब्राझीलची कामगिरी हे उदाहरण विशेष उपयोगी आहे. या स्पर्धेत ब्राझील सहा सामने हरला, आणि त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी अंतिम स्पर्धेतील सातही सामने जिंकून जगज्जेता झाला. उलट, पात्रता-स्पर्धेत अग्रस्थानी राहिलेला अर्जेंटिना अंतिम स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाला. यावरून पात्रता-स्पर्धेतील कामगिरीला काहीच अर्थ नसतो, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो निष्कर्ष कितपत ग्राह्य आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

१. स्पर्धेची रचना आणि गुणतक्ता

दक्षिण अमेरिकेतील दहा राष्ट्रांनी एकमेकांशी दोनदा, एकदा स्वगृही व एकदा परगृही, खेळावे, ही पद्धत १९९८ च्या चषकाच्या पात्रता-स्पर्धेपासून, म्हणजे १९९६ मध्ये, सुरू झाली. त्या वेळी ब्राझील विद्यमान विजेता असल्याने त्याला पात्रता-स्पर्धेतून सूट होती. त्यामुळे अठरा सामन्यांच्या या दीर्घ स्पर्धेत तो प्रथम उतरला तो २००० साली. स्पर्धा मार्च २००० मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर २००१ मध्ये संपली. विजयास ३ गुण व बरोबरीस १ गुण असा नियम होता. पहिल्या चार संघांना थेट प्रवेश मिळावयाचा होता आणि पाचव्या संघाला ओशेनिया विभागातील विजेत्याशी आणखी दोन सामने खेळावयाचे होते.

स्पर्धेच्या अखेरीस अर्जेंटिनाचे ४३, एक्वादोरचे ३१, ब्राझील व पॅराग्वे यांचे प्रत्येकी ३०, तर उरुग्वे व कोलंबिया यांचे प्रत्येकी २७ गुण झाले. ब्राझीलने ९ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडविले व ६ गमावले. १९९३ मध्ये ला पाझ येथे बोलिव्हियाकडून ०-२ असा पराभव होईपर्यंत ब्राझीलने पात्रता-स्पर्धेतील एकही सामना गमावला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या सहा पराभवांनी त्या देशात किती खळबळ उडाली असेल याची कल्पना येते. शेवटच्या सामन्यापूर्वी ब्राझीलचे २७ गुण होते व उरुग्वेचे २६. व्हेनेझुएलाविरुद्धच्या त्या सामन्यात ३-० असा विजय मिळाला, तेव्हाच त्याचा प्रवेश निश्चित झाला.

२. स्वगृही आणि परगृही

गुणतक्ता केवळ बेरीज सांगतो. ती बेरीज कशी झाली हे सांगत नाही. ब्राझीलचे अठरा सामने स्थळानुसार वेगळे केले असता पुढील चित्र दिसते :

स्वगृही : सामने ९, विजय ७, बरोबरी २, पराभव ०, गोल २१-५, गुण २३.
परगृही : सामने ९, विजय २, बरोबरी १, पराभव ६, गोल १०-१२, गुण ७.

सहाही पराभव परगृही झालेले आहेत. स्पर्धेच्या उत्तरार्धातील नऊ सामने क्रमाने पाहिले तर ही गोष्ट अधिकच ठळक होते. कोलंबियाविरुद्ध विजय, एक्वादोरकडून पराभव, पेरूशी बरोबरी, उरुग्वेकडून पराभव, पॅराग्वेविरुद्ध विजय, अर्जेंटिनाकडून पराभव, चिलीविरुद्ध विजय, बोलिव्हियाकडून पराभव आणि अखेर व्हेनेझुएलाविरुद्ध विजय, असा तो क्रम होता. वर्तमानपत्रे वाचणाऱ्यास हा संघ एका महिन्यात सावरतो आणि पुढच्या महिन्यात कोसळतो, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु हे नऊ सामने आळीपाळीने स्वगृही व परगृही खेळले गेले होते. स्वगृही झालेल्या पाचांपैकी चार जिंकले व एक बरोबरीत सुटला. परगृही झालेले चारही गमावले. जो चढउतार संघाच्या मनःस्थितीचा म्हणून वर्णिला गेला, तो बव्हंशी सामन्यांच्या वेळापत्रकाचा चढउतार होता.

अर्जेंटिनाशी तुलना केल्यास आणखी एक गोष्ट उघड होते. अर्जेंटिनाने स्वगृही ८ विजय व १ बरोबरी मिळवून २५ गुण, तर परगृही ५ विजय, ३ बरोबरी व १ पराभव अशी कामगिरी करून १८ गुण मिळविले. म्हणजे दोन्ही संघांतील १३ गुणांच्या अंतरापैकी केवळ २ गुणांचे अंतर स्वगृहीचे असून ११ गुणांचे अंतर परगृहीचे आहे. या दोन संघांत जो भेद होता तो पाहुणा संघ म्हणून खेळण्याच्या सामर्थ्यातील भेद होता. अंतिम स्पर्धेत मात्र यजमान देश वगळता सर्वांनाच तटस्थ भूमीवर खेळावे लागते. तेव्हा स्वगृहीचे आकडे तेथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि परगृहीचेही पडत नाहीत.

३. परगृहीच्या अडचणींचे स्वरूप

परक्या मैदानावर संघ दुबळा का ठरतो, याची कारणे सर्वत्र सारखी नसतात. प्रेक्षकांचा कोलाहल, पंचांवर पडणारा त्याचा दाब आणि प्रवासाचा शीण ही कारणे सर्वपरिचित आहेत. ब्राझीलच्या प्रमुख खेळाडूंपैकी पुष्कळसे युरोपातील क्लबांकडून खेळत असल्यामुळे त्यांना अटलांटिक महासागर ओलांडून यावे लागे आणि एकत्र सरावाला फारच थोडे दिवस मिळत.

दक्षिण अमेरिकेत याखेरीज एक भौगोलिक कारण आहे. बोलिव्हियातील ला पाझ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर, तर एक्वादोरची राजधानी कीतो सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. ला पाझच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. खालच्या प्रदेशातून आलेला खेळाडू लवकर दमतो, आणि विरळ हवेत चेंडूची गतीही त्याच्या सवयीहून निराळी असते. पॅट्रिक मॅकशॅरी यांनी दक्षिण अमेरिकेतील सुमारे शंभर वर्षांच्या सामन्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये असे दाखविले की, दोन संघांच्या गावांच्या उंचीतील प्रत्येक १,००० मीटर फरकामागे उंचावरील यजमानाला सरासरी सुमारे अर्ध्या गोलाचा लाभ होतो. या हिशेबाने ला पाझमध्ये ब्राझीलसारख्या संघाला खेळ सुरू होण्यापूर्वीच दीड गोलाहून अधिक तूट सोसावी लागते. नोव्हेंबर २००१ मध्ये ब्राझील तेथे १-३ असा हरला. त्यापूर्वी मार्चमध्ये कीतो येथे तो ०-१ असा हरला होता. ज्या बोलिव्हियाला त्याने रिओ येथे ५-० असे नमविले होते, त्याच बोलिव्हियाकडून हा पराभव झाला. या दोन निकालांवरून एका वर्षात ब्राझीलचे बळ किती घटले हे काढू पाहणे म्हणजे दोन निराळ्या तराजूंवर घेतलेल्या वजनांची वजाबाकी करण्यासारखे आहे.

४. यदृच्छेचा वाटा

स्थळाचा परिणाम वजा केल्यानंतरही जे उरते ते सारे संघाचे बळच असते असे नाही. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. म्हणून एखादा चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर सामन्याचा निकाल पालटतो. चार्ल्स रीप आणि बर्नार्ड बेंजामिन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या खेळातील कौशल्य व यदृच्छा यांची सांगड संख्यांच्या आधारे तपासली होती आणि यदृच्छेचा वाटा सामान्य समजुतीपेक्षा मोठा असल्याचे दाखविले होते.

हा वाटा किती, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. ब्राझीलची प्रत्येक सामन्यात जिंकण्याची संभाव्यता १/२, बरोबरीची १/६ व हरण्याची १/३ होती असे धरू. अठरा सामन्यांतील त्याच्या निकालांचे प्रमाण नेमके हेच आहे. मग एका सामन्याचे अपेक्षित गुण १.६७ आणि प्रमाण विचलन सुमारे १.३७ येते. अठरा सामन्यांची बेरीज घेता अपेक्षित गुण ३० आणि प्रमाण विचलन सुमारे ५.८ होते. म्हणजे संघाचे बळ तिळभरही न बदलता हीच स्पर्धा पुन्हा पुन्हा खेळविली असती, तर सुमारे दोन-तृतीयांश वेळा ब्राझीलचे गुण २४ ते ३६ यांच्या दरम्यान आले असते. २४ गुणांनी तो सहाव्या स्थानावर घसरला असता. ३६ गुणांनी निर्वेध दुसरा आला असता. दुसऱ्या क्रमांकावरील एक्वादोर आणि तिसऱ्या क्रमांकावरील ब्राझील यांच्यातील एका गुणाच्या अंतराला बळाच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही, हे यावरून उघड आहे.

अर्जेंटिनाच्या १३ गुणांच्या आघाडीचे काय? हाच हिशेब दोन्ही संघांसाठी केला असता त्यांच्यातील अंतराचे प्रमाण विचलन सुमारे ७ येते. १३ हे त्याच्या दुपटीहून किंचित कमी आहे. तथापि स्वगृहीचे व परगृहीचे सामने वेगवेगळे धरून हिशेब केला, तर स्थळामुळे होणारा चढउतार यदृच्छेच्या खात्यातून निघून जातो आणि प्रमाण विचलन सुमारे ६ पर्यंत उतरते. मग १३ हे अंतर दुपटीहून थोडे अधिक ठरते. निरीक्षणांचे योग्य वर्गीकरण केल्याने त्याच आकड्यांतून अधिक निश्चित निष्कर्ष कसा मिळतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्या काळात अर्जेंटिनाचा संघ खरोखरच अधिक बलवान होता, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. स्थळाच्या परिणामाचीही अतिशयोक्ती होऊ शकते. जागतिक फुटबॉल एलो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानांकनात यजमानाच्या मानांकात १०० अंक मिळवितात. त्यामुळे तुल्यबळ संघांत यजमानाचा अपेक्षित वाटा, बरोबरी अर्धा विजय मानून, ०.६४ येतो. ब्राझीलचा अठरा सामन्यांतील एकंदर वाटा १०.५, म्हणजे ०.५८ आहे. इतक्या वाट्याच्या संघाकडून या हिशेबाने स्वगृही नऊपैकी सुमारे ६.५ व परगृही सुमारे ४ अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ८ आणि २.५ असे वाटे मिळाले. प्रत्येक बाजूला दीडाचा हा फरक नऊ सामन्यांच्या यदृच्छेच्या टप्प्याबाहेरचा नाही. तेव्हा ब्राझीलची परगृहीची दुर्बलता काही अंशी खरी, काही अंशी उंचीची आणि काही अंशी योगायोगाची, असेच म्हणावे लागते.

५. गोल आणि प्रतिस्पर्धी

निकालापेक्षा गोलांचे आकडे अधिक माहिती देतात, असे मत रूढ आहे. आणि ते बरेचसे खरे आहे. १-० आणि ५-० या दोन्ही विजयांना गुण सारखेच मिळतात, पण त्यांवरून संघाविषयी होणारे ज्ञान सारखे नसते. एम. जे. माहेर यांनी १९८२ मध्ये प्रत्येक संघाच्या आक्रमणाचे व बचावाचे बळ वेगळे मोजून, गोलांची संख्या प्वासाँ वितरणानुसार येते असे धरून अंदाज करण्याची पद्धत मांडली. पुढे १९९७ मध्ये मार्क डिक्सन व स्टुअर्ट कोल्स यांनी तीत सुधारणा केली. कमी गोलांच्या सामन्यांतील विसंगती त्यांनी दूर केली आणि जुन्या सामन्यांना नव्या सामन्यांपेक्षा कमी वजन दिले.

परंतु गोलांची बेरीजही आंधळेपणाने घेता येत नाही. ब्राझीलचा गोलफरक ३१-१७, म्हणजे अधिक १४ होता. तेवढेच विजय, बरोबऱ्या व पराभव असलेल्या पॅराग्वेच्या वर त्याला स्थान मिळाले ते याच आधारावर. पण या १४ पैकी ९ गोल केवळ व्हेनेझुएलाविरुद्धच्या दोन सामन्यांत, ६-० व ३-० अशा विजयांत, मिळालेले आहेत. परगृही केलेल्या १० गोलांपैकी ६ व्हेनेझुएलातील. उरलेल्या आठ सामन्यांत मिळून ४ गोल झाले, म्हणजे सामन्याला सरासरी अर्धा. या आठांपैकी चार सामन्यांत एकही गोल झाला नाही व चारांत एकेकच झाला. सरासरी अर्धा असता प्वासाँ वितरणाप्रमाणे आठांपैकी सुमारे पाच सामने गोलाविना जावेत, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्ष आकडा त्याच्या जवळच आहे. तेव्हा या दुष्काळासाठी मनोबल खचल्याचे वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावरील मोठा विजय सरासरी फुगवितो, हे जितके खरे तितकेच दुबळ्या प्रतिस्पर्ध्याकडून झालेला पराभव एकटाच घेऊन त्यावर मत बनविणेही चूक आहे. ऑगस्ट २००० मध्ये सांतियागो येथे चिलीने ब्राझीलला ३-० असे हरविले. हाच चिली स्पर्धेच्या अखेरीस अवघ्या १२ गुणांनिशी सर्वांत तळाला राहिला.

६. जो मोजावयाचा तो संघच बदलतो

आतापर्यंतच्या विवेचनात संघ ही एक स्थिर वस्तू आहे असे गृहीत धरले होते. वस्तुतः वीस महिन्यांच्या काळात राष्ट्रीय संघ कितीतरी बदलतो. ब्राझीलच्या अठरा सामन्यांत चार प्रशिक्षक झाले. वान्देर्ले लुशेम्बुर्गो यांच्या हाताखाली आठ सामन्यांत १४ गुण, कांदिन्यो यांच्या हाताखाली एका सामन्यात ३, एमर्सन लेआओ यांच्या हाताखाली तीन सामन्यांत ४ आणि लुईस फेलिपे स्कोलारी यांच्या हाताखाली सहा सामन्यांत ९ गुण मिळाले. लुशेम्बुर्गो यांना सिडनी ऑलिंपिकमधील अपयशानंतर सप्टेंबर २००० मध्ये दूर करण्यात आले. त्यांची सरासरी सामन्याला १.७५ गुण होती. ज्यांनी पुढे चषक जिंकला त्या स्कोलारी यांची सरासरी १.५ होती. त्यांचे तिन्ही विजय स्वगृही व तिन्ही पराभव परगृही झाले. जुलै २००१ मध्ये तर त्यांचा संघ कोपा अमेरिका स्पर्धेत होन्डुरासकडून ०-२ असा हरला होता. तीन किंवा सहा सामन्यांवरून प्रशिक्षकाची परीक्षा करणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून समजते. लेआओ यांना तर या स्पर्धेत तीनच सामने मिळाले.

खेळाडूंच्या बाबतीत हा बदल अधिक निर्णायक ठरला. रोनाल्डो गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे पात्रता-स्पर्धेतील एकही सामना खेळू शकला नाही. उलट, ज्या रोमारिओने बोलिव्हियाविरुद्ध ३ आणि व्हेनेझुएलात ४ गोल केले होते, त्याला अंतिम स्पर्धेच्या संघात घेतले गेले नाही. अंतिम स्पर्धेत ब्राझीलने केलेल्या १८ गोलांपैकी ८ एकट्या रोनाल्डोचे होते. योकोहामा येथे ३० जून २००२ रोजी झालेल्या अंतिम सामन्यातील जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच होते. पात्रता-स्पर्धेतील आकड्यांत ज्याचा मागमूसही नव्हता, असा घटक पुढे सर्वांत महत्त्वाचा ठरला. कोणतेही गणिती सूत्र असा घटक आपोआप ओळखू शकत नाही. त्यासाठी संघाच्या रचनेची प्रत्यक्ष माहिती असावी लागते.

७. मानांकनाचे उपाय

या सर्व अडचणींवर मात करण्याचा एक प्रयत्न म्हणजे मानांकन. आर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंसाठी तयार केलेल्या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. दोन स्पर्धकांच्या मानांकांतील फरकावरून निकालाची अपेक्षा काढावयाची, आणि प्रत्यक्ष निकाल व अपेक्षा यांतील फरकाच्या प्रमाणात मानांक वाढवावयाचा किंवा घटवावयाचा. बलवान संघाने दुबळ्याला हरविले तर मानांक थोडाच वाढतो. तो हरला तर पुष्कळ घटतो. अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याचे बळ हिशेबात आपोआप येते आणि जुन्या सामन्यांचा प्रभाव हळूहळू ओसरतो.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, २०१८ पासून याच तत्त्वावरील पद्धत स्वीकारली आहे. तीत पात्रता-सामन्याचे महत्त्व मैत्रीपूर्ण सामन्यापेक्षा अधिक धरतात. मात्र या सूत्रात सामना कोठे झाला व किती गोलांनी जिंकला, या दोन्ही गोष्टींना स्थान नाही. ब्राझीलच्या उदाहरणात स्थळ हीच सर्वांत मोठी गोष्ट होती, हे ध्यानात घेता अधिकृत मानांकन पात्रता-स्पर्धेच्या मध्यावर का फसवू शकते हे कळते. ज्या संघाचे स्वगृहीचे सामने आधी झाले आहेत, त्याचा मानांक तात्पुरता फुगलेला असतो.

८. अंतिम स्पर्धेची साक्ष

आता मूळ निष्कर्षाकडे वळता येईल. पात्रता-स्पर्धेत ४३ गुण मिळविणारा अर्जेंटिना अंतिम स्पर्धेत नायजेरियावर १-० असा विजय, इंग्लंडकडून ०-१ असा पराभव आणि स्वीडनशी १-१ अशी बरोबरी, अशा कामगिरीने ४ गुणांवर बाद झाला. यामुळे पूर्वीचे अठरा सामने खोटे ठरतात काय? समजा, एखाद्या बलवान संघाची प्रत्येक सामन्यात जिंकण्याची संभाव्यता ०.६, बरोबरीची ०.२ व हरण्याची ०.२ आहे. अशा संघालाही तीन सामन्यांत ४ किंवा त्याहून कमी गुण मिळण्याची संभाव्यता ०.२८ येते, म्हणजे चार वेळांत एकदाहून अधिक. अठरा सामन्यांच्या पुराव्यावर तीन सामन्यांच्या पुराव्याने मात करणे हे तर्काला धरून नाही. अर्जेंटिनाचा संघ बलवान होता आणि तरीही तो बाद झाला. या दोन विधानांत विरोध नाही.

त्याच वर्षी अंतिम सामन्यात पोहोचलेला जर्मनीही पात्रता-स्पर्धेत सप्टेंबर २००१ मध्ये म्युनिक येथे इंग्लंडकडून १-५ असा हरला होता व युक्रेनविरुद्धच्या जादा लढतीतून आत आला होता. तिसरा आलेला तुर्कस्तानही अशाच जादा लढतीतून आला होता. यावरून धडपडत आलेले संघच पुढे चमकतात, असा उलटा नियम बसविण्याचा मोह होतो. पण तोही टिकत नाही. १९७० मध्ये ब्राझीलने पात्रता-स्पर्धेतील सहाही सामने जिंकले आणि नंतर अंतिम स्पर्धेतील सहाही जिंकून चषक मिळविला. २०१० चा विजेता स्पेन पात्रता-स्पर्धेतील दहाही सामने जिंकून आला होता. मात्र अंतिम स्पर्धेतील पहिलाच सामना तो स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला. निवडक उदाहरणांवरून दोन्ही बाजूंचे नियम सिद्ध करता येतात; म्हणून अशा उदाहरणांवरून कोणताच नियम सिद्ध होत नाही.

९. थोड्या सामन्यांचा प्रश्न : भारतीय उदाहरण

अठरा सामन्यांवरून जेथे निश्चित काही सांगणे कठीण, तेथे सहा सामन्यांची गोष्ट सांगावयासच नको. २०२६ च्या चषकासाठी आशियातील दुसऱ्या फेरीत भारताला कतार, कुवेत व अफगाणिस्तान यांच्याशी प्रत्येकी दोनदा खेळावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारताने कुवेतला त्याच्या मैदानावर १-० असे हरविले, तेव्हा आशा बळावल्या. त्यानंतर भुवनेश्वर येथे कतारकडून ०-३ असा पराभव, अफगाणिस्तानशी सौदी अरेबियात ०-० अशी बरोबरी, गुवाहाटी येथे त्याच संघाकडून १-२ असा पराभव, जून २०२४ मध्ये कोलकाता येथे कुवेतशी ०-० अशी बरोबरी आणि दोहा येथे कतारकडून १-२ असा पराभव, असा क्रम झाला. भारताला ५ गुण मिळाले, तर ७ गुण मिळविणारा कुवेत पुढील फेरीत गेला.

ब्राझीलच्या अगदी उलट, भारताने स्वगृहीच्या तीन सामन्यांत एकच गुण मिळविला आणि उरलेले चार बाहेर मिळविले. यावरून भारतीय संघाला स्वतःच्या मैदानाचे ओझे होते, असे म्हणणे घाईचे होईल. तीन सामन्यांची संख्या त्या निष्कर्षाचा भार पेलू शकत नाही. सहा सामन्यांत केवळ ३ गोल झाले, ही गोष्ट मात्र अधिक अर्थपूर्ण आहे, कारण ती सर्व स्थळी सारखीच दिसते : एकाही सामन्यात एकाहून अधिक गोल झालेला नाही. निकालांपेक्षा हा आकडा दुखण्याच्या मुळाशी अधिक जवळ नेतो.

१०. उपसंहार

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. पात्रता-स्पर्धेतील कामगिरी निरर्थक नसते. परंतु ती गुणतक्त्यात जशी दिसते तशी वाचावयाची नसते. प्रथम सामने स्थळानुसार वेगळे करावेत. नंतर प्रतिस्पर्ध्याचे बळ लक्षात घ्यावे आणि एखाद-दुसऱ्या मोठ्या विजयाने सरासरी फुगली आहे काय हे तपासावे. त्यानंतर यदृच्छेचा टप्पा काढून, दिसणारे अंतर त्याच्या आत आहे की बाहेर, हे पाहावे. शेवटी, ज्या संघाचे आकडे हाती आहेत तोच संघ पुढे खेळणार आहे काय, हा प्रश्न विचारावा. या क्रमाने २००१ च्या अखेरीस ब्राझीलकडे पाहिले असते, तर त्याच्या विजयाचे भाकीत निश्चितपणे करता आले नसतेच; मात्र स्वगृही अजिंक्य राहिलेला, दोन पराभव अतिउंच प्रदेशात पत्करलेला आणि आपल्या सर्वोत्तम आघाडीवीराविना खेळलेला हा संघ खालावला आहे, असा निर्णयही देता आला नसता. निर्णय राखून ठेवण्याइतपत पुरावा अपुरा आहे, हे ओळखता येणे हादेखील मोजणीचाच एक उपयोग आहे. ज्या व्यवहारात एका पराभवाने प्रशिक्षकाचे पद जाते, त्या व्यवहारात हा उपयोग लहान मानण्याचे कारण नाही.